धाब्यावरची माती

सिंदखेड राजाला आलेला माणूस आधी राजवाडा पाहतो, आणि ते रास्तच आहे. मुंबई–नागपूरच्या जुन्या हमरस्त्याकडे तोंड करून तो उंच दरवाजा उभा आहे. आत म्हाळसा महालाची जागा आहे, जिथे लखुजीराजे जाधवांची लेक जिजाऊ 12 जानेवारी 1598 रोजी जन्मली. दर वर्षी त्या दिवशी लाखो माणसं या दरवाजातून आत जातात, माती कपाळाला लावतात. राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांकडे मात्र त्यांतल्या फार थोड्यांचं लक्ष जातं. पण राजवाडा काही एकटा नांदत नाही. त्याला कारभारी लागतात, कारकून लागतात, गवंडी, सुतार, तेली, कासार, कोष्टी, उपाध्ये लागतात, आणि ही सगळी माणसं त्याच्या आसऱ्याला घरं बांधून राहतात. या घरांचा इतिहास बखरींत नाही. तो ओसरीवर बसून सांगितला गेला. सांगणारी माणसं आता संपत आली आहेत, म्हणून जे ऐकलं ते लिहिते आहे.

माझं आजोळ या गल्ल्यांमधलं. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. कमरेएवढं दगडी जोतं, त्यावर दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती, दर्शनी बाजूला तेवढ्या भाजक्या विटा. दरवाजाच्या दोन्ही अंगांना ओटे, आत शिरलं की ढाळज, मग चौक, चौकाभोवती ओसरी, ओसरीच्या पलीकडे माजघर, आणि माजघराला लागून स्वयंपाकघर, देवघर आणि अंधारी खोली. आमच्याकडे घराचं माप फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. सोयरीक ठरवताना पोरीचा बाप आधी जमीन विचारायचा आणि मग घर किती खणांचं, ते.

दरवाजा मोठा, पण उघडायची ती त्यातली दिंडी. आजोबांची उंची चांगली होती, तरी आयुष्यभर ते त्या दिंडीतून वाकूनच आत आले. आतून अडसर होता, भिंतीच्या पोटात सरकवून ठेवलेला सागवानी वासा. रात्री तो ओढून दरवाजाला आडवा लावला की चार माणसांनी बाहेरून रेटलं तरी कवाड हलायचं नाही. लहानपणी आम्ही भावंडं तो अडसर आतबाहेर सरकवत खेळायचो आणि आजी ओरडायची. तिच्या आजेसासूच्या तोंडून तिनं ऐकलं होतं की पेंढाऱ्यांच्या दिवसांत हा अडसर सूर्य मावळायच्या आधीच लागायचा.

धाबं कसं करतात हे आता सांगावं लागेल, कारण ते करणारे हातच राहिले नाहीत. खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर आडव्या बारीक काड्यांची दाट किलचण. किलचणीवर कडुलिंबाचा पाला, म्हणजे वाळवी लागत नाही. पाल्यावर तुडवलेला चिखल, आणि सगळ्यांत वर वीतभर पांढरी माती. पाणी वाहून जायला एका अंगाला किंचित उतार आणि उताराच्या टोकाला गल्लीत डोकावणारी पन्हाळ. मध्ये उजेडासाठी ठेवलेलं भोक, त्याला साणं म्हणायचं. पाऊस आला की कोणीतरी पोर धावत जिना चढून साण्यावर झाकण टाकायचं. उन्हाळ्यात दुपारी बाहेर आग ओकत असली तरी माजघरात गारवा असायचा, आणि रात्री सगळं घर धाब्यावर झोपायला जायचं.

पांढरी माती म्हणजे शेतातली माती नव्हे. शेतातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाला भेगाळते, धाब्यावर ती घातली तर पहिल्याच पावसात घर गळेल. पांढरी माती गावठाणातली, शेकडो वर्षं माणसं जिथे राहिली तिथली. चुलीची राख, पडलेल्या भिंती, सारवण, शेण, असं सगळं मुरून मुरून झालेली. ती चोपली की घट्ट बसते, पाणी आत शिरू देत नाही. दर वर्षी मृगाच्या आधी धाब्यावर तिचा नवा थर द्यावा लागे. आमच्या गल्लीच्या टोकाला एका कारभाऱ्याचा पडका वाडा होता, नुसता मातीचा उंचवटा उरलेला. गल्लीतली सगळी घरं तिथूनच टोपल्यांनी माती आणायची.

एकदा धाब्यावर नवी माती पसरत असताना आजी मला म्हणाली, "आपल्या डोक्यावर कारभाऱ्याचा वाडा हाये, माय. त्याच्या भिंती इथं येऊन बसल्या."

हे ती सहज बोलून गेली. पण त्या वाड्यात कोण राहत होतं, हे तिला खोलीगणिक ठाऊक होतं, जरी तो वाडा तिनं कधी उभा पाहिला नव्हता. इथे कचेरी होती, इथे बैठक, या बाजूला घोड्याची पागा, त्या कोपऱ्यात एक विधवा सून राहायची जिनं आयुष्यभर ढाळजेच्या बाहेर पाऊल टाकलं नाही आणि जिच्या हातचं लोणचं सगळ्या गल्लीला जायचं. आजी हे सांगायची तेव्हा त्या उंचवट्यावर उभं राहून बोटानं जागा दाखवायची. पायाखाली गवत आणि बाभळी.

अंधारी खोली म्हणजे बाळंतिणीची खोली. तिला खिडकी नव्हती, वरच्या साण्यातून भाकरीएवढा उजेड जमिनीवर पडायचा आणि दिवसभर सरकत जायचा. कोपऱ्यात बाज, बाजेखाली शेगडी, तिच्या धुरानं वरचे सरे काळे कुळकुळीत झालेले. आजीची सगळी बाळंतपणं याच खोलीत झाली, तिच्या सासूचीही इथेच. बाजेच्या उशाशी, भिंतीवर साधारण हातभर उंचीवर, हळदीकुंकवाची बोटं उठवलेली होती. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी सटवाईची पूजा, आणि त्या पूजेला भिंतीवर बोटं ओढायची. प्रत्येक जन्माची वेगळी. भिंत दर सणाला सारवली जायची, पण तेवढा तुकडा सोडून. जुनी बोटं तपकिरी पडली होती, नवी लालसर होती. जी मुलं जगली नाहीत त्यांचीही तिथे होती, आणि आजीला ती वेगळी दाखवता यायची.

जिजाऊंच्या जन्माची खोली पाहायला लांबलांबून बाया यायच्या. जयंतीला अजूनही येतात. उन्हानं दमलेल्या बाया आमच्या ओट्यावर पाणी मागायला थांबायच्या आणि आजी त्यांना आत बोलवायची. कोणी विचारलंच तर अंधारी खोलीही दाखवायची. मोठ्या घरातलं बाळंतपण आणि आपल्या घरातलं, यात तिला फार फरक वाटत नसे. खोली तशीच अंधारी असणार, बाज तशीच, शेगडी तशीच, असं ती म्हणे. मला आजही वाटतं की राजवाडा समजून घ्यायचा हा सगळ्यात खरा रस्ता आहे.

राजवाड्याच्या गोष्टींत आजीला रंगपंचमीची गोष्ट फारशी आवडत नसे. ती सगळ्यांना ठाऊक आहे: रंगमहालात रंगाचा खेळ चाललेला, छोटी जिजा आणि छोटे शहाजी एकमेकांवर गुलाल उधळतात, लखुजीराजे कौतुकानं म्हणतात काय छान जोडा शोभतो, आणि शहाजींचे वडील मालोजीराजे भर सभेत ते वचन धरून ठेवतात. इतिहासकार या गोष्टीला पुरावा मागतात, आणि मागायलाच हवा. आजीची गोष्ट दुसरी होती, आणि तिला पुरावा आहे. 25 जुलै 1629 रोजी देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारात लखुजीराजांना दगा करून मारलं. त्यांच्याबरोबर त्यांचे पुत्र अचलोजी आणि राघोजी, आणि नातू यशवंतराव. त्यानंतर सात महिने पुरे व्हायच्या आत, 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. माहेर असं उजाड झालेलं असताना जिजाऊंनी ते पोर वाढवलं. आजीच्या तोंडी या तारखा नसत. ती म्हणायची, "बाप गेला, भाऊ गेले, भाचा गेला, अन् लेक गरोदर." एवढं म्हणून ती गप्प व्हायची, आणि जिजाऊंच्या आई म्हाळसाबाईंनी ती बातमी या राजवाड्यात कुठल्या खोलीत ऐकली असेल, असं विचारायची. त्याचं उत्तर कोणाकडेच नाही. लखुजीराजांची समाधी गावातच आहे, घुमटाची, भक्कम, अजून ताठ उभी. तिच्या शेजारून गावची माणसं रोज शेतात जातात.

मामांनी मला पेवाची गोष्ट सांगितली. आमच्या ओसरीच्या फरशीखाली पेव होतं, जमिनीत खोदलेलं, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद, आतून लिंपलेलं. ज्वारी त्यात वर्षानुवर्षं टिकायची. पण पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आत कोंडलेली हवा माणसाला मारते. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर झाकण उघडं ठेवून थांबायचं, तेवत राहिला तर माणूस उतरायचा. कंदील न सोडता उतरलेला एक गडी वर आलाच नाही, असं मामा सांगत, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात पेवाच्या तोंडाशी दर दिवाळीला एक पणती ठेवली जाई.

पेवाचीच दुसरी गोष्ट दुष्काळाची. कारभाऱ्याच्या वाड्यातलं पेव त्या साली गल्लीसाठी उघडलं आणि पायलीपायलीनं ज्वारी वाटली गेली. साल कोणतं ते मामांना सांगता आलं नाही. 1803 साली इंग्रज आणि मराठ्यांमध्ये असई आणि अडगाव या दोन लढाया झाल्या आणि त्या पाठोपाठ वऱ्हाडात मोठा दुष्काळ पडला. जानेवारी 1804 मध्ये आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, सिंदखेडच्या मुलखातून गेला. माणसं शेकड्यांनी उपाशी मरत आहेत, त्यांना कोणी वाली नाही आणि मुलूख लुटारूंच्या हातात आहे, असं त्यानं पत्रात लिहून ठेवलं आहे. त्याच्या नजरेला रस्त्यावरची प्रेतं पडली. भिंतीआड पायलीनं ज्वारी मोजणारी माणसं त्याला दिसायचं कारण नव्हतं. आमच्या घरची आठवण याच दुष्काळाची असेल तर ती त्या पत्राला जोडून वाचली पाहिजे. नसली तरी पडक्या वाड्याबद्दल लोक दीड-दोनशे वर्षं काय लक्षात ठेवतात, ते यातून कळतं. त्या कारभाऱ्यानं किती जमीन मिळवली हे कोणी सांगत नाही, पेव उघडलं हे सांगतात.

कारभाऱ्याचा हा वाडा का पडला, याचंही उत्तर गल्लीपेक्षा मोठं आहे. जाधवांचं घराणं देऊळगाव राजाला नांदू लागलं होतं. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या पदरी अरबांची सिबंदी होती. ती हैदराबादच्या फौजेशी लढली, आणि 1851 मध्ये बाजीराव जाधवांचं वंशपरंपरागत वतन जप्त झालं. स्वतः बाजीराव 1856 मध्ये औरंगाबादेत कैदेत वारले. मधल्या काळात 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं. वतन गेलं की कारभारी कशाचा कारभार पाहणार? कचेरी बंद, पागा रिकामी, पोरं नोकरीसाठी अमरावतीला, नागपूरला. मातीच्या भिंतीला दर वर्षी हात लागला नाही तर दहा-बारा पावसाळ्यांत ती खचते. मला वाटतं, सिंदखेड–देऊळगावच्या कितीतरी पडक्या वाड्यांचं मूळ त्या एका जप्तीत आहे. मग त्याच वाड्यांची माती गोरगरिबांच्या धाब्यांवर चढली, आणि ती घरं पुढची शंभर वर्षं टिकली.

बुलडाणा जिल्हा घाटानं दोन भागांत कापला आहे. आमचा घाटावरचा मुलूख दगडाचा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी कसदार माती, कापूस, आणि पूर्णाकाठच्या पट्ट्यात खारं पाणी. तिथली घरंही वेगळी. माझी मावशी खामगावला दिलेली. 1870 साली जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा आला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर होता, कारण मँचेस्टरला वऱ्हाडचा कापूस हवा होता. त्या काळच्या खामगावच्या बाजारातली घरं राजवाड्याकडे पाहून बांधलेली नाहीत, ती पेढीच्या सोयीनं बांधलेली आहेत. खाली गादी, तिजोरी आणि गाठी ठेवायची वखार, वर कुटुंब, समोर सातपुड्याच्या सागवानाचा कोरीव सज्जा. मावशीच्या सासूबाई त्या सज्जात बसून कापसाच्या गाड्या मोजायच्या, आणि संध्याकाळी मालकांनी सांगितलेला आकडा चुकला तर त्यांना टोकायच्या. घाटाखालच्या अशा व्यापारी घरांपैकी एक घर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे: शेगावचं बंकटलाल अग्रवालांचं. 23 फेब्रुवारी 1878 रोजी गजानन महाराज शेगावात प्रकटले, आणि पुढे ते बंकटलालांच्या घरी राहिले. त्या एका साध्या व्यापारी घराला आज लोक हात जोडतात. तिथे संत राहिला म्हणून घर राहिलं.

घराखाली काय असतं, हे मेहकरकरांना विचारावं. 1888 साली तिथे एका जागी खोदकाम करताना लाकडी पेटीत ठेवलेली शारंगधर बालाजीची भव्य काळ्या पाषाणाची मूर्ती निघाली. जुनी माणसं सांगतात की पेटी उघडली तेव्हा चंदनाचा वास सुटला, आणि इंग्रज साहेब मूर्ती विलायतेला नेईल या भीतीनं गावानं घाईघाईनं तिची स्थापना केली. कोण्या घाबरलेल्या माणसांनी ती पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी जमिनीत उतरवली असणार, आणि नंतरचे लोक ते विसरून गेले. सिंदखेडलाही 2024 मध्ये लखुजीराजांच्या समाधीजवळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचं काम सुरू असताना आधी एका प्राचीन शिवमंदिराचा पाया लागला, आणि मग सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची जवळजवळ पावणेदोन मीटर लांबीची मूर्ती. राजवाडा जाधवांचा, पण जाधवांच्या आधीही इथे माणसं होती, देव होते, आणि अर्थातच घरं होती.

मूर्ती निघाली की गाव गोळा होतं, वर्तमानपत्रात फोटो येतो. मातीचं घर पाडलं तर काहीच निघत नाही असा सगळ्यांचा समज आहे. कवाडं आणि खांब भंगारवाल्याकडून शहरातल्या हॉटेलांत आणि फार्महाउसांत जातात. पांढरी माती ट्रॅक्टरनं शेतात टाकतात, कारण ती खताचं काम करते. दोन दिवसांत जागा सपाट होते. धाबं दर वर्षी डागडुजी मागतं, आणि ती करायला ना माणूस मिळतो ना मजुरी परवडते, हे मी जवळून पाहिलं आहे. सिमेंटचा स्लॅब मागणाऱ्या घरधनिणीला दोष देणं मला पटत नाही. तिनं आयुष्यभर गळतीखाली भांडी मांडली आहेत. आमचंही घर मामांनी पाडलं. त्याआधी मामी अंधाऱ्या खोलीत वही घेऊन बसली, भिंतीवरची हळदीकुंकवाची बोटं एकेक करून मोजली, आणि ज्यांची नावं घरातल्या म्हाताऱ्यांना आठवत होती ती तिनं लिहून काढली. काही बोटांपुढे नाव नाही. पण ती वही आहे, आणि आज आमच्या घराण्याचा तेवढाच लेखी इतिहास आहे.

2020 च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांची ड्रोननं मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळू लागलं आहे. हे चांगलं काम आहे, भांडणं मिटतील, कर्ज मिळेल. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्येही घराचा मालक आणि कर लिहिलेला असतो. पण या दोन्ही कागदांत घर किती खणांचं होतं हे नसतं, पेव कुठे होतं हे नसतं, आणि अंधाऱ्या खोलीत कोण जन्मलं हे तर नसतंच. ते फक्त घरातल्यांना माहीत असतं.

म्हणून वाचकहो, एक विनंती. तुमच्या गावात, तुमच्या भावकीत एखादं जुनं घर पाडायचं ठरलं असेल, तर त्याआधी एक दिवस काढा. घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला त्या घरात नेऊन बसवा आणि प्रत्येक खोलीत काय व्हायचं ते विचारा, बोलणं मोबाइलवर टिपून घ्या. खण मोजा, दरवाजा, दिंडी, अडसर, साणं, जिना यांचे फोटो घ्या. भिंतीवर, कोनाड्यात, देवघराच्या चौकटीवर काही लिहिलं-रंगवलं असेल तर ते उतरवून घ्या. आधीच्या राहणाऱ्यांची नावं, गडी-सुईणींची सुद्धा, लिहा. त्याची एक प्रत गावच्या वाचनालयाला द्या, एक शाळेला. हे पुढच्या मृगाच्या आत करा. पाऊस सुरू झाला की जुन्या भिंती थांबत नाहीत.